माइक डाऊन

माझा नवरा हवाई दलातून निवृत्त झाला त्याला वीस वर्षं झाली, पण तो अजून घरी उतरलेला नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची लाज मला कधीच नव्हती, म्हणून सरळ देवमनच म्हणते. देवमन तिथे इंजिन फिटर होते. वीस वर्षं विमानाच्या पोटाखाली आडवं पडून काढली, आत बसायला मिळालं ते दोनदाच, तेही सामानाच्या विमानात पोत्यांशेजारी. तरी आमच्या अकोल्याच्या कॉलनीत सगळे त्यांना पायलट म्हणतात, आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगतात, "पायलट नाई, फिटर."

बाकी सगळं मात्र विमानाचं. गॅसचा सिलिंडर संपत आला की मला हाक मारणार, "मैने, बिंगो फ्युएल!" म्हणजे आता फक्त परत फिरण्यापुरतं इंधन उरलं. पाहुणे दारात आले आणि माझा स्वयंपाक व्हायचा असला, तर त्यांना अंगणात खुर्च्या देऊन "होल्डिंग"ला ठेवायचं, धावपट्टी मोकळी नसली की विमानाला वरच घिरट्या घालायला लावतात तसं. आमच्या पायलचं पहिलं स्थळ ठरता ठरता मोडलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं, आणि हा माणूस म्हणतो, "काई नाई बेटा, गो-अराउंड." नीट टेकता येत नसेल तर पुन्हा वर जायचं आणि फिरून यायचं, असा त्याचा अर्थ. मी हातातलं लाटणं फेकलं होतं. पण पायल हसली, हे खरं. पुढे अमरावतीला तिचं चांगलं झालं.

मी आयुष्यभर या शब्दांची थट्टा केली. कुणाला तंबाखूची सवय असते, कुणाला पत्त्यांची, याला शब्दांची, एवढंच मी समजत होते. त्या शब्दांना काही वजन असतं हे मला गेल्या मार्चमध्ये कळलं, आणि कळायला नको होतं अशा रीतीनं कळलं.

आम्ही शाळेची व्हॅन चालवतो. म्हणजे देवमन चालवतात, मी मागे मुलांबरोबर असते. व्हॅनमध्ये एक बाई पाहिजेच, असा शाळेचा नियम आहे. मुलं तेरा, सगळी प्राथमिकची, बारा वाजताच्या शाळेची. शेवटचं मूल चढलं की देवमन समोरूनच विचारायचे, "सोल्स ऑन बोर्ड?" विमानात किती जीव आहेत ते टॉवरला सांगायची ही रीत. मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "तेरा!" रस्त्यावरचे लोक वळून पाहायचे. मग चाकाला लावलेले लाकडी ठोकळे काढायचे, त्यांना चॉक्स म्हणायचं, आणि निघायचं. प्रत्येक पोराला एकेक नाव दिलेलं: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, असं ओळीनं. शाळेच्या फाटकाशी उतरताना ज्यानं त्यानं आपलं नाव सांगायचं. "अल्फा डाऊन." "ब्राव्हो डाऊन." तेरा आवाज आले की मी व्हॅनमध्ये मागच्या सीटपर्यंत जायचं, वाकून प्रत्येक सीटखाली पाहायचं आणि "ऑल क्लिअर" म्हणायचं. याला लास्ट लुक म्हणायचं. मग देवमन लॉगबुकात लिहिणार: चढले तेरा, उतरले तेरा, स्नॅग नाही. स्नॅग म्हणजे बिघाड.

पहिली दोन वर्षं मी वाकून पाहिलं. मग माझे गुडघे बोलायला लागले. तेरा आवाज ऐकले म्हणजे तेरा उतरले, आणखी वाकून काय पाहायचं? मी दारातूनच "ऑल क्लिअर" म्हणायला लागले. देवमनना समोरून दिसत नसे, आणि मी सांगितलंही नाही.

तेराव्या नावाला माइक म्हणतात. ती आमची गीतांजली, पहिलीतली, सगळ्यांत लहान. तिची आई मंजुषा बाजारात हार-फुलांचं दुकान लावते. घरी ही पोरगी पोपटासारखी बोलते म्हणे, पण बाहेर तोंडातून शब्द नाही. तिची पाळी आली की सगळी व्हॅन थांबायची, पोरं फिदीफिदी हसायची आणि ती फ्रॉकचं टोक चावत उभी राहायची. मला तिची कीव यायची. खरं सांगायचं तर कीव थोडी आणि घाई जास्त. मी तिला उचलून खाली ठेवायची आणि तिच्या वतीनं म्हणून टाकायची, "माइक डाऊन." जूनपासून रोज.

देवमननी मला टोकलं होतं. "रेडिओवर दुसऱ्याच्या नावानं बोलत नसतात, मैने. ज्याचा कॉल त्यानंच द्यायचा. लागू दे टाईम."

"लेकरू हाय ते," मी म्हटलं होतं. "तुमचं उडनारं इमान नोहे."

त्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मार्च संपत आला होता आणि सकाळची शाळा सुरू व्हायला अजून आठवडा होता. फाटकाशी व्हॅन थांबली आणि तेवढ्यात अमरावतीहून पायलचा फोन आला. बेलोऱ्याच्या विमानतळावर आता विमानं उतरतात, रविवारी या, बाबांना दाखवायला नेऊ, असं ती म्हणत होती. मी दाराशी उभी, फोन कानाला, पाठ व्हॅनकडे. मागून आवाज येत होते. जुलिएट डाऊन, किलो डाऊन, लिमा डाऊन. मग थोडं थांबलं. मी पायलला म्हटलं, "थांब वं जराशी," आणि तोंड न वळवता म्हटलं, "माइक डाऊन. ऑल क्लिअर." आणि दार ओढून घेतलं.

रोजची कडुनिंबाखालची जागा कुणीतरी टेम्पो लावून अडवली होती. देवमननी व्हॅन उन्हातच लावली. लॉगबुक नेहमी ते गाडीत बसूनच लिहायचे, पण मला तहान लागली होती. "चला ना आता, तुमचं पुरान मंग लेहा," म्हणत मी त्यांना जवळजवळ ओढूनच रसवंतीवर नेलं. गर्दी होती, बऱ्याच वेळानं उसाचा रस आला. अर्धा ग्लास झाला आणि देवमननी खिसा चाचपला.

"लॉगबुक राह्यलं गाडीत."

"राहू द्या. आंधी रस तं प्या."

"लेहल्याशिवाय ट्रिप संपत नाई," म्हणाले आणि ग्लास ठेवून उठले. मी मागून हसले. रसवंतीवाल्याला म्हटलंसुद्धा, "ह्यायचं असंच हाय बाप्पा."

मग त्यांची हाक आली, "मैने!" एवढीच. आयुष्यभर ज्या माणसानं दूध उतू गेलं तरी "मेडे" म्हणून बुडत्या विमानाची हाक दिली, त्याच्या तोंडून त्या क्षणी विमानाचा एकही शब्द आला नाही. मी धावले. माझे गुडघे तेव्हा बरे दुखले नाहीत.

गीतू शेवटच्या सीटखाली होती, दप्तराला मिठी मारून. एका पायात बूट होता, दुसरा हातात. चेहरा लालबुंद, केस ओले, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. देवमननी तिला उचललं आणि सावलीत धावले. मी तिच्या डोक्यावर बाटली रिकामी केली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंग पुसून घेतलं, चमच्या-चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं. तासाभरानं ती उठून बसली. "वाचली," डॉक्टर म्हणाले. "आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. तुमची कोण?"

"नात," मी म्हटलं.

ते पहिलं खोटं. दुसरं शाळेत बोलले, की वाटेत उलटी झाली म्हणून उशीर झाला. संध्याकाळी तिला घरी सोडताना दारात तिचा आजा उत्तमराव उभा होता. देवमननी इंजिन बंद केलं आणि उतरायला लागले. मी त्यांचा दंड धरला.

"आई दुकानावर हाय तिची. त्या म्हाताऱ्याच्या जिवाले काहून घोर लावता? उद्या सांगू."

देवमननी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चावी फिरवली. मला उद्याही सांगायचं नव्हतं, हे त्यांना कळलं असणार. व्हॅन गेली तर नुसत्या पेन्शनवर घर कसं चालणार, हा विचार होताच. पण त्याहून मोठा विचार वेगळा होता. ती पोरगी बाहेर बोलत नाही, घरी काही बोललीच तरी लेकराचं कोण मनावर घेतं, म्हणजे कुणाला कळणारही नाही. एका लेकराच्या मुकेपणाचा मला आधार वाटला. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी चहा घेऊन बाहेर आले, तर व्हॅनच्या चारही चाकांना चॉक्स लावलेले होते आणि देवमन पायरीवर बसून एकेका पालकाला फोन करत होते. गाडी आज येणार नाही, का ते संध्याकाळपर्यंत स्वतः येऊन सांगतो.

"हे काय लावलं?"

"ग्राउंडेड," ते म्हणाले. "स्नॅग क्लिअर होत नाई तोवर चाक हालनार नाई."

"गाडीत कोनता बिघाड हाय?"

त्यांनी लॉगबुक माझ्यापुढे धरलं. कालच्या तारखेसमोर 'चढले तेरा' लिहिलं होतं. 'उतरले'चा रकाना कोरा होता. स्नॅगच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात: मूल गाडीत राहिले, बावीस मिनिटे. चूक माझी, देवमन तायडे.

"तुमची कशी? म्या पायलं नाई."

"गाडी माही हाय. माह्या गाडीत जे होते ते माहं."

मला राग आला. कुणी आपला दोष काढून घेतला की बरं वाटायला हवं, पण मला रागच आला, आणि मी तो सगळा त्यांच्यावर काढला. म्हटलं, तुम्ही मोठे साधू. तुम्हाला काय, तुमची पेन्शन आहे, तुमचं नाव पायलट आहे, लोक मलाच जाळतील. लेकरू धडधाकट आहे ना? मग कशाला गावभर दवंडी? मी बराच वेळ बोलत होते. त्यांनी बोलू दिलं.

मग म्हणाले, "तुले तं दहा नंबरची गोष्ट माईत हाय."

ती गोष्ट आमच्या घरात कुणाला माहीत नाही? पंजाबातल्या तळावर असताना, काम झाल्यावर हत्यारं मोजली तर दहा नंबरचा पाना कमी भरला. देवमननी कळवलं. विमानात कुठे राहिला असेल तर इंजिन खाऊन टाकेल, म्हणून सगळी उड्डाणं थांबली, अख्खी तुकडी गवतात रांगत शोधत होती, आणि शेवटी पाना निघाला देवमनच्याच विजारीच्या फाटक्या खिशातून, अस्तरात. पुढे बदली होईपर्यंत त्यांना सगळे 'दस नंबर' म्हणायचे. ही गोष्ट ते लग्नाकार्यात सांगतात आणि सगळे पोट धरून हसतात.

"त्यातलं एक म्या कवाच सांगतलं नाई," ते म्हणाले. "पाना कमी हाय हे मले पयलेच कळलं होतं. पंधरा मिंटं मी चूप होतो. वाटलं, असन कुठीतरी, कोन बोंबलते. पायलट शिडीवर चढून राह्यला होता. माह्यापेक्षा लहान पोट्टा. त्यानं वरून मले पायलं अन् हात दाखोला. कसा? म्हनजे, तुमी पायलं ना, मंग ठीक हाय. त्या हातानं माही जीभ सुटली."

त्यांनी मोबाईल पायरीवर ठेवला. चहा माझ्या हातात तसाच होता.

"मंजुषा रोज दारातून आपल्याले तसाच हात दाखोते, मैने."

मी चहा पायरीवर ठेवला. आत जाऊन साडी बदलली आणि लॉगबुक काखेत मारलं. ते उठायला लागले तर म्हटलं, "तुमी बसा. ज्याचा कॉल त्यानंच द्यायचा."

मंजुषा ओसरीत झेंडूचा ढीग पुढे घेऊन हार ओवत होती. मला पाहून हसली. "या ना मावशी. काकांचा फोन आलता, आज गाडी नाई म्हने. बिघडली का?"

वाटेनं मी वाक्यं जुळवत आले होते. आधी 'गीतू एकदम बरी आहे' म्हणायचं, मग बाकीचं. प्रत्यक्षात उभ्या उभ्याच तोंडातून निघालं, "काल गीतू गाडीत राह्यली. बंद गाडीत, उन्हात. बावीस मिंटं. म्या वाकून पायलं नाई."

तिच्या सुईत आणखी तीन फुलं गेली. मग हात थांबला.

"दवाखान्यात नेलं?"

"नेलं. डॉक्टर म्हने, वाचली."

वाचली हा शब्द मी बोलायला नको होता, की तोच बोलायला हवा होता, मला माहीत नाही. मंजुषानं हातातला हार खाली ठेवला.

"मले फोन काहून नाई केला?"

"भेली मी."

ती उठली आणि आत गेली. आत गीतूला जवळ ओढून तिचे हात, पाय, कपाळ पाहत असावी, तसं हलकं बोलणं ऐकू येत होतं. मी तिथेच उभी. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती, मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

"आठ दिस झाले," ती म्हणाली, "पोट्टी रोज आज्याच्या बाजेवर उभी राहून उडी मारे. बुढा इचारे 'माइक?' अन् हे वरडे, 'डाऊन!' असे शंभर खेप. काल सकाळी वेनी घालतानी म्हने, आई, आज मी सोता म्हननार हाय. मावशीले म्हनू नाई देनार."

तिनं पायाशी पडलेलं एक फूल उचलून ढिगात टाकलं.

"अन् रातच्याले जेवतानी एवढंच म्हने, आई, मावशीनंच म्हटलं. मले वाटलं, लाजली असन नेहमीसारखी. म्या म्हटलं, जाऊ दे, उद्या म्हन."

म्हणजे ती झोपली नव्हती. मी रात्रभर स्वतःला तेच सांगत होते, की पोरगी झोपली होती, झोपलेलं लेकरू कुणालाही दिसलं नसतं. उतरायची घाई, त्यात बूट निघून सीटखाली गेला, ती तो काढायला वाकली, आणि तिची पाळी आली. ते क्षणभर जे थांबलं होतं ना, ते तिच्यासाठी थांबलं होतं.

गीतू दारात येऊन आईच्या पदराआड उभी राहिली होती. मी खाली बसले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू दिले.

"बाई, तुले ऐकू येत होतं ना सगळं? मंग आवाज काहून नाई देला मले?"

मला वाटलं, ती फ्रॉकचं टोक चावेल. तिनं चावलं नाही. जूनपासून जी माझ्यासमोर एक अक्षर बोलली नव्हती, ती सरळ माझ्याकडे पाहत, स्पष्ट आवाजात म्हणाली, "तुमी म्हटलं ना माइक डाऊन. मंग मी डाऊन होती."

मंजुषानं तिला आत पाठवलं. "गीतू आता तुमच्या गाडीत येनार नाई, मावशी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"नको पाठवू," मी म्हटलं. ती पुन्हा फुलांपाशी बसली, पण सुई हातात घेतली नाही.

घरी आले तर देवमन पायरीवर तसेच बसले होते. मी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि लॉगबुक मांडीवर उघडलं. स्नॅगच्या रकान्यातलं त्यांचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. मग 'उतरले'चा कोरा रकाना उरला. आठ वर्षांत त्या रकान्यात तेराशिवाय दुसरा आकडा कधी आला असेल तर एखादं पोर आजारी असताना, आणि तेव्हा 'चढले'ही तेवढेच असायचे.

मी लिहिलं, बारा. खाली सही केली.

मग व्हॅनचं दार उघडलं, आत चढले, आणि समोरच्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत, एकेका सीटखाली वाकून पाहिलं. गाडी रिकामी होती. तरी सगळ्या सीट पाहून होईपर्यंत मी बाहेर आले नाही, आणि देवमननी मला हाक मारली नाही.